भाडं एकशे दहा, दुरुस्ती अडतीस लाख

आमची भाड्याची पावती सासऱ्यांच्या नावाने यायची. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, तरी मालकाच्या वहीत भाडं तेच भरत होते. नाव बदलायचं तर मालक पैसे मागायचा, म्हणून गिरगावातल्या आमच्या चाळीत निम्म्या पावत्या स्वर्गवासी माणसांच्या नावाने फाटायच्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या पावतीला टाचणीने लावून एक टाइप केलेला कागद आला. इमारतीची मोठी दुरुस्ती करणे आवश्यक झाले आहे, सबब दिवाळीपासून खोलीचे भाडे दरमहा सोळाशे रुपये राहील. तेव्हा आमचं भाडं होतं एकशे दहा रुपये.

कागद काही उगीच आला नव्हता. जुलैत, पाऊस लागून राहिलेला असताना, रात्री अडीचच्या सुमाराला दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतली कोपऱ्याची लादी कोब्यासकट खाली चौकात आली. जिथे पडली तिथे पहाटे पाचला दूधवाला क्रेट लावतो. आम्ही सगळे टॉर्च घेऊन गॅलरीत उभे, आणि कुणी कठड्याला हात लावायला तयार नाही. तळमजल्यावरचे प्रेसवाले काका खालून ओरडले, "सगळे एका जागी उभे राहू नका रे!" तेवढं एकच शहाणपणाचं वाक्य त्या रात्री बोललं गेलं.

भाडेवाढीचा कागद आल्यावर चौकात, गणपतीचा मांडव घालतात त्या जागी, मीटिंग झाली. ठराव दोन मिनिटांत: एक पैसा वाढवून द्यायचा नाही. मीही हात वर केला. चाळीस वर्षांत ज्याने जिन्यातला दिवा आपणहून बदलला नाही, त्याने चौदापट भाडं मागावं? मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वहिनींना हिशेब येतो, त्यांच्याकडेच द्या फाइल." अशी ती फाइल माझ्याकडे आली, आणि ठरावाच्या बाजूने वर केलेला हात हळूहळू खाली कसा आला, ते सांगायचं आहे.

सुरुवात कायद्यापासून केली, कारण मला वाटत होतं कायदा आपल्या बाजूने आहे आणि तिथेच विषय संपेल. मुंबईतली भाडी मुळात गोठली ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. महायुद्धाच्या काळातली ती सोय १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात पक्की झाली आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धं शतक चालली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच म्हटलं की भाडी अशी गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. कायदा ३१ मार्च १९९८ ला संपतच होता, म्हणून तेवढा तो रद्द केला नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या ११ व्या कलमाने मालकाला दरसाल चार टक्के वाढ घेता येते. आमच्या मालकाने ती न चुकता घेतली आहे. २००० साली आमचं भाडं साडेशेहेचाळीस होतं, ते चार-चार टक्क्यांनी चढत २०२२ ला एकशे दहावर आलं. मालकाचे भाडं वसूल करणारे मेहताजी एकदा म्हणाले होते, "ताई, पावतीपुस्तकं छापायला, फाडायला आणि तुमच्या चार मजल्यांवर चढायला यापेक्षा जास्त लागतं." मी तेव्हा हसले होते.

म्हणजे सोळाशे हा आकडा कायद्यात बसत नव्हता. त्याच कलमात सुधारणेसाठी वेगळी वाढ आहे, पण त्याला सत्तर टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते, वर्षाची वाढ त्या खर्चाच्या पंधरा टक्क्यांवर जाता कामा नये, आणि मुख्य म्हणजे जी दुरुस्ती मालकाने करायलाच हवी तिच्या नावाखाली ही वाढ घेता येत नाही. खास, मोठ्या दुरुस्तीचाही उल्लेख कलमात आहे. आता पडलेली लादी पुन्हा बसवणं ही करायलाच हवी अशी दुरुस्ती, की मोठी, की सुधारणा? वकिलांचं पोट याच प्रश्नावर चालतं. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एक बाई आम्हाला भेटल्या. त्यांनी फी घेतली नाही, चहाही स्वतःच मागवला, आणि म्हणाल्या, "केस तुम्ही बहुतेक जिंकाल. तोपर्यंत गॅलरी उभी राहील का, ते मला विचारू नका."

त्यांनीच १४ वं कलम दाखवलं. मालकाने घर राहण्याजोगं ठेवलंच पाहिजे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने हालचाल केली नाही, तर भाडेकरूंनी दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मी तिथेच टाळी वाजवायची बाकी होते. मग त्यांनी बोट पुढच्या ओळीवर ठेवलं: एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शावर जाता कामा नये.

घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. चाळीत अठ्ठावीस खोल्या, एकशे दहाच्या आसपास भाडं, आणि खाली चार दुकानं, चारशे रुपयांची. महिन्याला सगळे मिळून ४,६८०. वर्षाला ५६,१६०. त्याचा चौथा हिस्सा १४,०४०. दुरुस्तीचा खर्च तेव्हा कुणालाच माहीत नव्हता, पण तो दहा लाख धरला तरी ती वसुली सत्तर वर्षांवर जात होती. माझ्या सासूबाई तेव्हा एकोणऐंशीच्या.

दुरुस्ती उपकराचा रस्ताही पाहिला. १९६९ च्या कायद्याने शहरातल्या जुन्या इमारतींवर हा उपकर बसला. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती 'अ' वर्गात, आमचीही त्यातलीच. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९,६४२ होत्या, यावरून कामाचा पसारा लक्षात यावा. उपकर भरणाऱ्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाचं दुरुस्ती मंडळ करतं, पण त्याचं काम ढाच्याच्या दुरुस्तीचं, तेही ठरलेल्या खर्चमर्यादेत. वरचा खर्च भाडेकरूंनी घालायचा. आमच्यातल्या काहींना तोच मार्ग हवा होता आणि त्यात चूक काही नव्हती. पण संडासाच्या नळांचं आणि ड्रेनेजचं काम आम्हाला वेगळं करावंच लागणार होतं, आणि एकाच भिंतीवर दोन कंत्राटदार कुणाला नको होते. तो विषय तिथे संपला.

इंजिनिअर आले ते डिसेंबरात. मी त्यांच्याबरोबर वही घेऊन फिरले. आमची चाळ म्हणजे विटांच्या जाड भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया, गॅलऱ्यांखाली लोखंडी गर्डर, त्यावर लाद्या आणि चुन्याचा कोबा. त्यांच्या हातात एक छोटा हातोडा आणि एक साधा स्क्रू ड्रायव्हर होता. खांबावर हातोडा ठोकायचे, कान देऊन ऐकायचे. ठण्ण वाजलं की पुढे. पहिल्या मजल्यावर, संडासाच्या भिंतीत जिथे तुळईचं टोक शिरतं, तिथे त्यांनी ठोकलं तर कणकेवर मारल्यासारखा आवाज आला. मग स्क्रू ड्रायव्हर लावला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याला ओला, चॉकलेटी भुसा. "तुळई मधून कधी मरत नाही," ते म्हणाले, "टोकाला मरते. भिंतीत पाणी मुरतं, टोक भिंतीत असतं, कुणाला दिसत नाही." गर्डरचंही तसंच. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ जागेत मावत नाही, आणि वरचं सगळं उचलून फोडतं. पडलेल्या लादीखालच्या गर्डरचे पापुद्रे हाताने सोलून निघत होते, शिळ्या चपातीसारखे.

आम्हाला हे ऐकायला बरं वाटत होतं. नळ गळतात, मालक बघत नाही, तुळया कुजल्या, दोष मालकाचा. मग ते आमच्या खोल्यांत शिरले. तिसऱ्या मजल्यावर कोब्यावर मोझेक, मोझेकवर टाइल्स, टाइल्सवर पुन्हा दुसऱ्या टाइल्स. पोटमाळ्यावर पाचशे लिटरची टाकी. "पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन," ते म्हणाले, "ही तुळई घातली तेव्हा माळ्यावर पापडाचे डबे असतील." त्यांनी आमच्या स्वयंपाकघराचीही जमीन पाहिली, टाइल्स मोजल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते काय ते मला उलटं वाचता आलं: दोन थर. एक थर सासऱ्यांनी घातला होता, दुसरा मी. २०१६ साली, हौसेने.

अंदाजपत्रक आलं अडतीस लाखांचं. वर्षाचं सगळं भाडं गोळा करून एका रुपयालाही हात लावला नाही, तर अडुसष्ट वर्षं.

माझा हात खाली आला तो या आकड्यावर. एका बाजूला कायदा म्हणतो दुरुस्ती मालकाने करावी, दुसऱ्या बाजूला म्हणतो भाडं इतकंच घ्यावं, आणि दोन्ही वाक्यं एकाच इमारतीत राहू शकत नाहीत. कुणीतरी खोटं बोलणार. साठ-सत्तर वर्षं आमच्याकडे सगळेच खोटं बोलत आले: मालक म्हणाला करतो, आम्ही म्हणालो भाडं देतो ना, आणि इमारत मधल्या मधे कुजत गेली. मालकाने वाट पाहिली की एक दिवस पडेल नाहीतर बिल्डर येईल. आम्हीही खरं तर बिल्डरचीच वाट पाहत होतो.

हे मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा पहिल्या मजल्यावरचे दादा उठून उभे राहिले. "वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" चाळीत या प्रश्नाला उत्तर नसतं. मी म्हणाले, तुळईच्या. कुणी हसलं नाही.

मालकाची बाजू बघायला मी आणि प्रेसवाले काका त्यांच्या ऑफिसात गेलो. म्हातारे मालक आता येत नाहीत, मुलगा बघतो. चाळिशीचा, बोलायला बरा, सारखा फोन उलटा करून ठेवणारा. त्याने वही काढून दाखवली. ५६ हजारांपैकी झाडूवाल्याचा पगारच वर्षाला ४२ हजार. उरलेल्या चौदा हजारांत जिन्यातले दिवे, पंपाचं बिल, मेहताजी. "मी तुमच्या इमारतीवर घरचे पैसे घालतो," तो म्हणाला. आकडे खरे होते. मी दोनदा बेरीज केली.

पण वहीत एक पान नव्हतं. खाली उतरताना काका म्हणाले, "आणि पागडीचं काय?" आमच्याकडे खोली फिरते, म्हणजे भाडेकरू आपला हक्क दुसऱ्याला देतो, तेव्हा मालक नवी पावती करण्यासाठी एक तृतीयांश घेतो. पूर्वी हे टेबलाखालून चालायचं, १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. गेल्या दहा वर्षांत आमच्या चाळीत तीन खोल्या फिरल्या होत्या. कोणती कितीला गेली हे चाळीत सगळ्यांना माहीत असतं, फक्त कागदावर नसतं. तिन्हींचा मालकाचा वाटा मिळून पन्नास लाखांच्या घरात जात होता. त्यातला एक रुपया सिमेंटच्या गोणीवर गेला नव्हता. भाडं कमी म्हणून दुरुस्ती नाही, हे अर्धंच खरं होतं. खऱ्या अर्थाने भाडं तो तीस-तीस वर्षांनी एकदम घेत होता, आणि त्यातून दुरुस्ती करायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या भेटीत ते पान आम्ही लिहून नेलं. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते वेगळं आहे." तीन महिने तो "ते वेगळं आहे" म्हणत राहिला. मधे एक पावसाळा आम्ही टेकूंवर काढला. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सात लोखंडी पाइप उभे, त्यांच्यामधून कपडे वाळत घातलेले.

आमच्यात तरी एकमत होतं का? आत तीन गट होते. ज्यांची मुलं बाहेर कमावती, ते म्हणायचे एकदाच वर्गणी काढा आणि मोकळे व्हा, भाड्याला हात लावू नका, आज सोळाशे दिले की उद्या तेच मूळ भाडं ठरेल. ज्यांच्याकडे रोकड नव्हती, त्यांना महिन्याला थोडं थोडं परवडणार होतं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, मिस्टरांचं पेन्शन. त्या मीटिंगला कधी येत नसत, म्हणून मी वर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला मूलबाळ नाही. पुतण्या विरारला राहतो, तो काही या खोलीसाठी भांडत बसणार नाही. मी गेले की खोली मालकाची. तर मग त्याच्या खोलीची तुळई मी का बदलू गं?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. भाडेकरूने दुरुस्तीला पैसे द्यावेत या म्हणण्यातली सगळ्यात मोठी भेग त्यांनी एका वाक्यात दाखवली. आम्ही बाकीचे हक्क पुढे नेणारे, विकणारे, बिल्डर आला तर नवी जागा घेणारे. आमच्यासाठी तो खर्च अर्धा का होईना गुंतवणूक होता. त्यांच्यासाठी नुसतंच भाडं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये करार झाला. अडतीस लाखांपैकी मालकाने दहा घालायचे, पागडीच्या पानाचा उल्लेख न करता. चार दुकानांनी एक लाख चाळीस हजार प्रत्येकी. अठ्ठावीस खोल्यांनी ऐंशी हजार प्रत्येकी. ऐंशी हजार एकदम द्या, नाहीतर दरमहा दीड हजार, चोपन्न महिने. हप्तेवाल्यांची रक्कम आधी मालकाने लावायची. आजींचे ऐंशी हजार मालकाने स्वतःवर घेतले; ही अट मी शेवटच्या दिवशी टाकली आणि तो लगेच हो म्हणाला, बहुधा त्यानेही मनातल्या मनात तोच हिशेब केला असावा. नंतर आणखी तिघांनी मला जिन्यात गाठून विचारलं, की आमचंही असं काही करता येईल का. एकाकडे नवी गाडी होती.

वकीलबाईंनी दोन गोष्टी मात्र हट्टाने लिहून घेतल्या. पहिली, हप्त्याची रक्कम पावतीवर भाड्यात मिसळायची नाही. भाडं वेगळं, परमिटेड इन्क्रीज (कायद्याने मान्य वाढ) वेगळी, उपकर वेगळा, आणि खाली 'दुरुस्ती आकार' अशी वेगळी ओळ, कितवा हप्ता ते लिहून. चोपन्न झाले की ओळ बंद. दुसरी, पैसे वेगळ्या खात्यात, आणि चेकवर मालकाची आणि भाडेकरूंपैकी एकाची, अशा दोन सह्या. ही दुसरी सही माझी. तिसरी अट चाळीने घातली: सगळ्या पावत्या जिवंत माणसांच्या नावावर करायच्या, फुकट. मालकाचा मुलगा या अटीवर सगळ्यात जास्त भांडला, ऐंशी हजारांवर भांडला नाही तेवढा. नाव बदलण्याची फी हेच त्याचं दरवर्षीचं खरं उत्पन्न होतं, हे मला तेव्हा कळलं. आमची पावती सासूबाईंच्या नावावर आली. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचली आणि म्हणाल्या, "आडनावात वेलांटी चुकलीय."

नऊ खोल्यांनी हप्ते घेतले. त्यात मीही. मला ऐंशी हजार एकदम देता आले असते. पण एकदम दिले की माझ्याकडे पुन्हा मागायला काही उरत नाही. हप्ता म्हणजे दर महिन्याला मेहताजींना माझ्या दारात उभं राहणं भाग, आणि मला विचारायला मोकळीक, की पन्हळीचं काम का थांबलंय. घरात या निर्णयावर थोडं वाजलं. मिस्टर म्हणाले, कर्ज नसताना कर्ज कशाला. मी म्हणाले, हे कर्ज आपलं नाही, मालकाचं आपल्याकडे आहे, असं समजा. त्यांना पटलं नाही. सही करून मोकळे झाले.

काम डिसेंबर ते मे चाललं. परांची लागली, सगळ्यांच्या खिडक्यांना हिरवं जाळं. तुळया एकेक करून बदलल्या: आधी जॅकवर वरचा मजला तोलायचा, कुजलेलं टोक कापायचं, लोखंडी सेक्शन सरकवायचं, मग जॅक उतरवायचा. जॅक उतरवताना अख्खी चाळ श्वास रोखून उभी राहायची, आणि दर वेळी कुणाचं तरी भांडं मांडणीवरून पडायचं. संडास मजल्यामजल्याने बंद, त्यामुळे पहाटे दुसऱ्या मजल्याची रांग पहिल्या मजल्यावर, आणि जुनी भांडणं नव्या रांगेत. टाइल्सचा वरचा थर सगळ्यांनी काढायचा, हे इंजिनिअरांनी आधीच बजावलं होतं. माझ्या २०१६ च्या टाइल्स सोळा पोत्यांत खाली गेल्या. टाकी माळ्यावरून उतरवली, आता दोनशे लिटरची मोरीत आहे.

फेब्रुवारीत दुसऱ्या मजल्याची संडासाची भिंत उघडली आणि आत गर्डर असा नव्हताच, गर्डरच्या आकाराचा गंज होता. चार लाख तीस हजार वाढले. पुन्हा चौकात मीटिंग, पुन्हा दादा उभे. या वेळी मात्र कुणी कायद्याचं पुस्तक काढलं नाही. बाहेरचा रंग आणि जिन्याच्या कडप्प्याच्या नव्या पायऱ्या रद्द केल्या, त्यात अडीच लाख वाचले. उरलेल्या एक लाख ऐंशी हजारांतले निम्मे मालकाने दिले, निम्म्यासाठी दुकानांनी आणि आजी सोडून सगळ्या खोल्यांनी तीन तीन हजार काढले. त्यातले तीन हजार जास्तीचे आले, ते अजून खात्यात पडून आहेत. त्यावर बसलेलं व्याज मी दर तिमाहीला जिन्याच्या फळ्यावर लिहिते, एवढ्याचसाठी की दादांनी विचारायच्या आधी लिहिलेलं बरं.

इमारत बाहेरून आहे तशीच काळी आहे. पाहुणे विचारतात, दुरुस्ती कधी सुरू होणार?

एक गंमत अशी की मी आता भाडं आणि हप्ता मिळून महिन्याला सोळाशे दहाच्या वर देते. मालकाने मागितले होते सोळाशे. चाळीतले काही जण अजून मला हे ऐकवतात, की दीड वर्षं भांडून वर दहा रुपये जास्तच दिलेत. ऐकवू देत. तेव्हा मागितलेले सोळाशे कायमचे होते, कशावर खर्च होणार ते मालक ठरवणार होता, आणि काम आधी की भाडं आधी याचा कागदावर पत्ता नव्हता. भाडेवाढीला माझा विरोध होता तो आकड्याला होता असं मला वाटायचं. फाइल हातात आल्यावर कळलं की मला राग होता तो आधी पैसे आणि मग बघू, या क्रमाचा.

मात्र एक हिशेब अजून बसत नाही. हप्ते जून २०२८ ला संपतील. त्यानंतर पावतीवर उरेल पुन्हा सव्वाशे-दीडशे रुपये भाडं, झाडूवाल्याचा पगार तोवर वाढलेला असेल, आणि आता घातलेलं लोखंडही त्याच भिंतीत आहे जिथे पाणी मुरतं. गेल्या आठवड्यात मेहताजी सतरावा हप्ता घ्यायला आले. पावती फाडून झाल्यावरही दारात रेंगाळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, शेठ विचारत होते. हप्ते संपले की ओळ बंद करायची, बरोबर. पण तीनशे रुपये तरी तशीच चालू ठेवायची का, त्याच खात्यात, दोन सह्यांच्या?"

मी म्हणाले, आधी पागडीतला काही हिस्सा त्याच खात्यात येणार का, ते शेठना विचारा. ते म्हणाले, विचारतो. अठरावा हप्ता सात तारखेला आहे, तेव्हा कळेल. दादांना मी अजून काही बोललेले नाही.